फॅक्सचा रकाना

सुट्टीवरून परत आल्याच्या दुसऱ्याच दिवशी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि बसायला खुर्ची पुढे केली, तेव्हाच तिच्या लक्षात आलं की काहीतरी गळ्यात पडणार. साहेब एरवी कोणाला बसवून बोलत नसत. संगणक विभागातली सगळी बोलणी उभ्याउभ्या व्हायची, हातात चहाचा कप धरून. एखाद्याला बसवलं म्हणजे एक तर बढती, नाहीतर पंचाईत. पाच महिन्यांचं मूल घरी ठेवून आलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी बढती कोण देतंय.

कंपनी कानाची मशिनं विकायची आणि बिघडलेली दुरुस्त करून द्यायची. दुरुस्ती विभाग तळमजल्यावर, संगणक विभाग तिसऱ्यावर. वर त्यांना ‘खालचे’ म्हणत, खाली यांना ‘वरचे’, आणि दोन्हीकडे तो शब्द उच्चारताना नाक थोडं मुरडलं जायचं. मधे धडधाकट लिफ्ट होती, पण तिच्यातून कोणी एकमेकांकडे जात नसे. खालच्यांचं काही अडलं की त्यांनी संगणकावर तक्रार लिहायची, तिला वर ‘तिकीट’ म्हणत. वरच्यांनी ते तिकीट निकालात काढून बंद करायचं. गेल्या सहा महिन्यांत, म्हणजे नवी प्रणाली सुरू झाल्यापासून, खालून तीनशेच्या वर तिकिटं आली होती. वरून तितकीच बंद झाली होती. आणि तरी जेवणाच्या सुट्टीत दोन्हीकडची माणसं भोजनगृहाच्या दोन टोकांना पाठ करून बसत.

शेवटचं तिकीट साहेबांनी तिला वाचायला दिलं. त्यात एकच ओळ होती: ‘तिकीट काढून सहा महिने झाले, गाडी कधी सुटणार ते कळवावे.’

साहेबांचं म्हणणं असं, की कोणीतरी आठवडाभर खाली जाऊन बसावं, त्यांचं काम नुसतं बघावं. बाकी सगळ्यांच्या हातात कामं होती. तिच्या हातात अजून काही दिलेलं नव्हतं. हे सांगताना ते तिच्याकडे न बघता टेबलावरची पेन्सिल गोल गोल फिरवत होते. माणूस वाईट नव्हता, भांडणाला भ्यायचा इतकंच.

“भांडू नकोस,” ते म्हणाले. “आणि काही कबूल करून येऊ नकोस.”

ती मान डोलावून उठली. तिला काळजी होती ती निराळीच. मुंगीला, म्हणजे तिच्या लेकीला, ती सकाळी पाजून निघायची, पण अकराला आणि तीनला दूध काढावंच लागे, नाहीतर छाती दगडासारखी होई आणि अंगात कणकण भरे. काल ते तिनं वरच्या स्टेशनरीच्या खोलीत काढलं होतं, कागदांच्या गठ्ठ्यावर बसून, दाराला पाठ लावून, कारण दाराची कडी लागत नव्हती. दोनदा कोणीतरी दार ढकललं, दोनदा ती आतून “एक मिनिट” म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणताना तिला रडू आलं होतं. खाली तर ओळखीचं कोणीच नाही. खाली कुठे बसणार?

सोमवारी ती खाली गेली. तळमजल्यावरची खोली लांबट होती. खिडक्या रस्त्याच्या पातळीला, त्यामुळे बाहेरून माणसं जात ती गुडघ्यापर्यंतच दिसत: बूट, चपला, मधूनच एखादं कुत्रं पूर्ण. टेबलांवर वाकलेले दिवे, दातकोरणीच्या काडीसारखे चिमुकले स्क्रू-ड्रायव्हर, मऊ ब्रश, स्पिरिटचा वास. प्रत्येक टेबलाशी तपकिरी पाकिटांचा ढीग, प्रत्येक पाकिटात कोणाचा तरी कान.

“वरून माणूस आलंय,” एका डोळ्याला भिंग लावलेला कारागीर मान वर न करता म्हणाला. “पाणी द्या रे. तीन मजले उतरून आल्यात.”

सगळे हसले. ती पण हसली, दुसरं काय करणार. हा माणूस आधी घड्याळं दुरुस्त करायचा म्हणून सगळे त्याला घड्याळजी म्हणत.

त्या विभागाच्या प्रमुख बाई सर्वांत टोकाला फोनपाशी बसत. पंचावन्न-छप्पन्नच्या, केस घट्ट बांधलेले, चष्मा दोरीला. पाठीमागे त्यांना हेडबाई म्हणत आणि तोंडावर नुसतं बाई. त्यांनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं, खुर्चीकडे बोट केलं आणि फोनवरचं बोलणं पुढे चालू केलं. तिला वाटलं होतं, कमी ऐकू येणाऱ्यांशी बोलायचं म्हणजे इथे दिवसभर आरडाओरडा असेल. बाईंचा आवाज उलट खाली होता, जाडसर, आणि दोन शब्दांमध्ये त्या इतकी जागा सोडत की मधे कोणीतरी येऊन बसावं.

अकराला पाच कमी असताना तिची चुळबुळ सुरू झाली. ब्लाउजला हात, घड्याळाकडे नजर, पुन्हा हात. कोणाला विचारावं, काय विचारावं. बाईंनी फोन ठेवला, खणातून किल्ली काढली आणि तिच्यासमोर टेबलावर सरकवली.

“ती डावीकडची खोली. कान तपासायची. अकराला नि तीनला रिकामीच असते,” त्या म्हणाल्या आणि पुढच्या पाकिटाकडे वळल्या.

तिनं कोणाला काही सांगितलं नव्हतं.

खोली म्हणजे जाड दाराची पेटीच होती, चारी बाजूंनी मऊ गादीसारख्या भिंती. दार लागलं आणि जगच बंद झालं. पाच महिन्यांत तिनं अशी शांतता ऐकली नव्हती. घरी मुंगी झोपली तरी पंखा असे, कुकर असे, सासूबाईंची चप्पल असे, आणि हे सगळं नसलं की ‘उठली का’ हा स्वतःच्याच डोक्यातला आवाज. इथे तिला स्वतःच्या कानशिलातलं रक्त वाहतंय तेवढं ऐकू आलं आणि पंपाची बारीक घरघर. दूध भरभर आलं. बाटली बंद करून ती भिंतीला टेकली, म्हटलं दोन मिनिटं.

जागी झाली तेव्हा पाऊण तास गेला होता. तोंडावर गादीचा वळ. ती धडपडत बाहेर आली तर दारावर पाटी लटकत होती: ‘तपासणी चालू आहे.’ बाहेर कानाला हात लावून दोन म्हातारे बाकावर बसले होते. रिकामी खोली कसली, तिच्यासाठी दोघांना ताटकळत ठेवलं होतं. हेडबाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

हे सोमवारी झालं. मंगळवारी घड्याळजींनी तिला खण दाखवला.

त्यांनी तो दोन्ही हातांनी ओढला, कारण तो जड होता. आत तपकिरी पाकिटं उभी लावलेली, एकेचाळीस. सगळी दुरुस्त झालेली, सगळ्यांवर तारीख, आणि एकही मालकाकडे गेलेलं नाही. सर्वांत पुढचं साडेपाच महिन्यांपूर्वीचं.

तिला कळेना. वर तिच्याच विभागाच्या पडद्यावर या सगळ्यांपुढे हिरवी खूण होती: ‘ग्राहकास कळवले’, नाहीतर ‘प्रयत्न पूर्ण’. नव्या प्रणालीत ते आपोआप व्हायचं. मशीन दुरुस्त झालं की ग्राहकाला फोन जायचा आणि एका मुलीचा गोड रेकॉर्ड केलेला आवाज सांगायचा, आपलं यंत्र तयार आहे, घरपोच हवं असल्यास एक दाबा. या सोयीसाठी विभागाला शाबासकी मिळाली होती.

“मॅडम, मी अडाणी माणूस,” घड्याळजी भिंग कपाळावर चढवत म्हणाले. “मला एवढंच सांगा. ज्याचं ऐकायचं मशीन इथे माझ्या हातात आहे, त्याला तुम्ही फोन करून काय ऐकवता?”

कोणी हसलं नाही. ती त्या खणाकडे बघत राहिली. तिसऱ्या मजल्यावर आठ हुशार माणसं होती, त्यांनी चार महिने खपून ती सोय बनवली होती, आणि हा प्रश्न एकालाही पडला नव्हता. फोन उचलला गेला की ‘कळवले’. सहा घंटांत नाही उचलला, तर तीनदा करून ‘प्रयत्न पूर्ण’. कागदावर सगळं कसं छान.

तिनं विचारलं, मग आधी कसं करायचात?

“आधी फॅक्समध्ये असायचं ना सगळं,” हेडबाई म्हणाल्या, आणि ज्या सुरात माणूस गेलेल्या नातेवाइकाबद्दल बोलतो त्या सुरात त्यांनी समजावून सांगितलं.

जुन्या प्रणालीत ग्राहकाच्या नोंदीत नाव, पत्ता, फोन असे मोजके रकाने होते. शेरा लिहायला जागा नव्हती. पण एक रकाना होता फॅक्सचा, चांगला लांबलचक, आणि कोणाकडे फॅक्स होता? तो कायम रिकामा. म्हणून वीस वर्षांपूर्वी बाईंनी त्यात एका आजोबांबद्दल लिहून ठेवलं: शेजारणीला फोन करावा, चारनंतर. मग दुसऱ्याबद्दल, मग तिसऱ्याबद्दल. पुढे सगळेच लिहायला लागले. कोणाचा फोन सून उचलते आणि निरोप देत नाही. कोण नुसतं हो हो म्हणतं पण त्याला ऐकू आलेलं नसतं. कोणाच्या घरी दार वाजवून उपयोग नाही, खिडकीसमोर उभं राहून हात हलवायचा. नऊ हजार माणसं, आणि त्यांच्यापर्यंत पोचायची नऊ हजार वाटा.

“आणि एका सकाळी संगणक उघडला तर रकानाच नाही,” बाई म्हणाल्या. “वरच्या कोणा शहाण्यानं काढून टाकला. आम्ही लिहिलं, फॅक्स परत द्या. उत्तर आलं, कंपनीत फॅक्स मशीन उपलब्ध नाही, तिकीट बंद.”

घड्याळजी तेवढं ऐकून कडू हसले. ती हसली नाही.

तो शहाणा ती होती.

तिला तो दिवस स्पष्ट आठवत होता. आठवा महिना, सुजलेले पाय खोक्यावर ठेवलेले, नव्या प्रणालीत कुठले रकाने न्यायचे आणि कुठले टाकायचे याची यादी तिच्याकडे. फॅक्स वाचून तिनं मोठ्यानं म्हटलं होतं, हा बघा, हा अजून जिवंत आहे, आणि सगळे खो खो हसले होते. तरी तिनं आपलं काम चोख केलं होतं. खाली ईमेल पाठवून विचारलं होतं: आपल्या विभागात फॅक्स वापरला जातो का? उत्तर आलं होतं: नाही. तिनं आत काय आहे ते उघडूनही पाहिलं नव्हतं. दोन दिवसांनी ती सुट्टीवर गेली.

तीन वाजता ती त्या मऊ खोलीत जाऊन बसली आणि दूध काही केल्या येईना.

बुधवारी सकाळी तिनं वर जाऊन चौकशी केली. जुन्या माहितीची प्रत अजून होती. नियमाप्रमाणे ती सहा महिने ठेवायची आणि मग पुसायची, आणि ते सहा महिने शुक्रवारी संध्याकाळी पाचला संपत होते. पुसलं की गेलं, मग कोणाच्या बापाला परत आणता येणार नाही. साहेब म्हणाले, थांबवता येईल, पण माझ्या एकट्याच्या शब्दावर नाही. ज्या विभागाची माहिती त्यानं लेखी मागायला हवी, का हवी ते लिहून, आणि ती का गेली तेही लिहून. खालून पुन्हा ‘फॅक्स परत द्या’ एवढंच आलं तर असे अर्ज मंजूर करणारी समिती वाचणारही नाही.

म्हणजे बाईंना सांगावं लागणार होतं. सगळं.

ती लिफ्टमधून खाली आली आणि दिवसभर काही बोलली नाही. अकराला किल्ली टेबलावर आली. तीनला पुन्हा आली, या वेळी सोबत कपभर गरम दूध आणि बाईंचं पुटपुटणं, की देणाऱ्याच्या पोटात काही असेल तर पुढे जाईल. सांगून टाकावं असं तिच्या ओठांवर आलं आणि तिनं ते दुधाबरोबर गिळलं. तिला नोकरीची भीती नव्हती. भीती होती ती त्या किल्लीची. या खोलीत तिला तीन दिवसांत जेवढं बरं वाटलं होतं तेवढं वर चार वर्षांत वाटलं नव्हतं, आणि उद्या हीच बाई आपल्याकडे ‘वरची’ म्हणून बघेल, हे तिला सोसवेना.

संध्याकाळी घरी आली तेव्हा मुंगी सासूबाईंच्या खांद्यावर झोपली होती. कामावर जायच्या आधी तिनं सासूबाईंसाठी वेळापत्रक छापून भिंतीला लावलं होतं, रकाने आखून: दूध, झोप, अंघोळ. सासूबाईंनी त्यातला एकही रकाना भरला नव्हता. तिला थोडा रागच आला. दूध घ्यायला ती फ्रिजपाशी वळली आणि सहज तो कागद उलटला, तर मागची कोरी बाजू पेन्सिलीनं भरलेली होती. ‘डाव्या खांद्यावर लवकर झोपते. खिडकीतली बस दाखवली की रडं थांबतं. पंखा बंद केला की उठते, बंद करू नये. चारला आईची आठवण येते. तेव्हा आईची ओढणी द्यावी.’

चारला तिची लेक रडते हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. विचारलंही तिनं नव्हतंच. रोज फोनवर ती विचारायची, दूध किती प्याली, झोपली किती. सासूबाई जेवढं विचारलं तेवढं सांगायच्या.

ती तो कागद हातात धरून स्वयंपाकघरात उभी राहिली. सासूबाई म्हणाल्या, “अगं, चुकून मागं लिहिलं मी. पुढं जागाच नव्हती.”

गुरुवारी अकराला बाईंनी किल्ली सरकवली, तेव्हा ती म्हणाली, तुम्ही पण आत या.

बाई आल्या. जाड दार लागलं. बाईंनी सवयीनं तपासणीचा हेडफोन उचलला आणि कापसानं पुसायला घेतला.

“बाई, तो रकाना मी काढला.”

त्या खोलीत वाक्य संपलं की संपे, मागे काही रेंगाळत नसे. बाईंचा हात थांबला नाही. एक कान पुसून झाला, मग दुसरा.

“फॅक्सचा. सुट्टीवर जायच्या आधी. आत काय आहे ते मी पाहिलंही नाही,” ती म्हणाली. “तुमची एवढी माया घेतली आणि सोमवारपासून, नाही, मंगळवारपासून गप्प बसले.”

बाईंनी हेडफोन खुंटीला लावला. स्टूल ओढून तिच्यासमोर बसल्या.

“काढण्याआधी विचारलं होतंस ना?”

“ईमेल केला होता.”

“मग नाही म्हणून कोणी कळवलं?”

“आठवत नाही. तुमच्या विभागाकडून आलं होतं.”

“मी कळवलं,” बाई म्हणाल्या.

मग त्याच पुढे सांगू लागल्या.

“काउंटरवर तिघं जण उभे होते. तुझा ईमेल आला, फॅक्स वापरता का. मी म्हटलं, काय ही वरची माणसं. फॅक्स मशीन भंगारात जाऊन दहा वर्षं झाली, यांना आज जाग आली. नाही म्हणून ठोकून दिलं.” त्यांनी चष्मा काढला, दोरीनं पुसला, पुन्हा लावला. “पंधरा दिवसांनी तो रकाना दिसेना, तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. पण सांगू कोणाला? बाहेरची सगळी मला विचारून पाऊल टाकतात. सहा महिने वरच्यांच्या नावानं खडे फोडतेय. जेवढा आवाज चढवावा तेवढं आतलं कमी ऐकू येतं.”

“अहो पण चूक माझी आहे. मी खाली येऊन विचारायला हवं होतं.”

“आठव्या महिन्यात?”

“लिफ्ट आहे की.”

“लिफ्ट मलाही आहे,” बाई म्हणाल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. मग हसू तसंच ठेवून त्यांचे डोळे भरून आले. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होणार होत्या. जाताना मागे ठेवण्यासारखं त्यांच्याकडे तेवढंच होतं, आणि ते आपल्याच एका शब्दानं गेलं, हे घेऊन त्या घरी बसणार होत्या.

“अजून गेलेलं नाही,” ती म्हणाली. “उद्या पाचपर्यंत आहे.”

मग ओढाताण झाली ती अर्जाची. बाईंनी लिहिलं, दुरुस्ती विभागानं चुकीचं उत्तर दिल्यामुळे. तिनं ते खोडून लिहिलं, संगणक विभागानं चुकीचा प्रश्न विचारल्यामुळे. बाई म्हणाल्या, सही माझी आहे, माझंच राहील. ती म्हणाली, मग मीही सही करते. शेवटी दोन्ही वाक्यं राहिली, खाली दोन सह्या, आणि त्या गडबडीत दूध काढायचं राहून गेलं ते साडेबाराला काढलं. घड्याळजींनी दारावरची पाटी आपण होऊन लावली. त्याआधी बाईंनी त्यांना आणि बाकीच्यांना टेबलाभोवती गोळा करून सांगितलं होतं, नाही म्हणणारी मी होते. घड्याळजी बराच वेळ भिंगाची काच पुसत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे सहा महिने मी फुकटच लिफ्टकडे रागानं बघत होतो.”

अर्ज वर गेला. शुक्रवारी दुपारपर्यंत काही उत्तर नाही. तीन वाजले, चार वाजले. ती फोनकडे बघू नये म्हणून पाकिटांना तारखेप्रमाणे लावत बसली. सव्वाचारला लिफ्टचं दार उघडलं आणि साहेब स्वतः बाहेर आले, बगलेत कागदांचा गठ्ठा. इतकी वर्षं त्याच इमारतीत असून ते पहिल्यांदाच खाली येत होते. कुठे उभं राहावं ते त्यांना कळेना. कोणीतरी स्टूल दिलं.

पुसणं थांबवलं होतं. रकाना सोमवारी नव्या प्रणालीत परत येणार होता. खणातल्या एकेचाळीस जणांपुरतं त्यांनी आजच कागदावर काढून आणलं होतं. “आत असं काही असेल,” साहेब म्हणाले, “असं मला वाटलं नव्हतं.” मग चष्मा वर करून त्यांनी एक ओळ वाचली, मोठ्यानं, आणि अर्ध्यात त्यांचा आवाज लहान झाला: ‘पत्नी वारल्या. आता वहिनी कशा आहेत असे विचारू नये.’

“कधीचं हे?” त्यांनी विचारलं.

“तीन वर्षं झाली,” बाई म्हणाल्या. “आजोबा दुरुस्तीला मशीन अजून तिच्याच नावानं पाठवतात. आपण पावती पण तिच्याच नावानं द्यायची.”

साहेबांनी तो कागद परत गठ्ठ्यात ठेवला, अगदी सरळ, कडा जुळवून.

सर्वांत पुढचं पाकीट एका आजीचं होतं. तिच्यापुढे लिहिलं होतं: ‘घंटा ऐकू येत नाही. कुत्रा भुंकत उड्या मारतो, मग उठतात. गुडघे दुखतात. वीस-पंचवीस घंटा तरी वाजू द्याव्या.’ आपोआप जाणारा फोन सहा घंटांनंतर थांबायचा. हेडबाईंनी फोन तिच्याकडे वळवला. तू कर.

तिनं नंबर लावला. खोलीतले सगळे आपापल्या टेबलाशी होते आणि कोणाचाच हात चालत नव्हता. दहा झाल्या. पंधरा. साहेब घड्याळ बघायला लागले, घड्याळजींनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. बावीस. चोविसाव्या घंटेला फोन उचलला गेला आणि आधी आलं ते भुंकणं, दमलेलं, खूश. मग एक थरथरता आवाज: कोण?

ती ओरडणार होती. मग तिला बाईंचा आवाज आठवला. तिनं आपला आवाज खाली आणला आणि शब्दांमध्ये जागा सोडली.

“आजी. तुमचं. कानाचं मशीन. तयार आहे.”

पलीकडे काहीच नाही. तिनं पुन्हा सांगितलं, तितक्याच हळू. घाई करायची नाही. कुत्राही गप्प झाला होता.

“झालं का गं?” आजी म्हणाली. “मला वाटलं, हरवलं असेल. म्हटलं, उगाच विचारून कोणाला ओशाळं कशाला करा.”

ती ‘हो’ म्हणाली, तेव्हा बाईंनी हळूच फोन आपल्या हातात घेतला आणि पत्ता विचारायला लागल्या.

सोमवारी ती परत वर गेली. खालची किल्ली तिच्या पर्समध्ये होती. द्यायला गेली तर बाईंनी बघितलं न बघितलंसं केलं होतं. अकराला लिफ्टनं खाली जायचं, तीनला जायचं, साहेबांनी त्यावर एक अक्षर काढलं नाही. उलट विभागात सांगून टाकलं की यापुढे खालचं तिकीट बंद करण्याआधी ज्याचं त्यानं खाली जाऊन यायचं. दोघं जण कुरकुरले. एक जण गेला आणि दोन तास वर आलाच नाही, घड्याळजींच्या गप्पांत अडकला.

रकान्याला आता काय नाव द्यायचं यावर वर बरीच चर्चा झाली. ‘शेरा’, ‘विशेष सूचना’, ‘ग्राहक टिप्पणी’. खाली विचारायला ती स्वतः गेली. बाई म्हणाल्या, का, फॅक्स चांगलं आहे की. तेच राहिलं.

रकाना परत आणताना तो कर्मचाऱ्यांच्या यादीतही उगवला, दोन्हीकडे एकच साचा होता म्हणून. तो तिथून काढून टाकायचा होता. ती यादी उघडून एकेक नाव खाली सरकवत होती, सगळीकडे रिकामं. आणि मग तिचं स्वतःचं नाव आलं. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तळमजल्यावरून कोणीतरी लिहिलं होतं:

‘अकरा नि तीन वाजता फोन करू नये. लहान लेक घरी आहे. चार वाजता आपण होऊन घरी बोलू द्यावे.’

चारबद्दल ती एकदाच बोलली होती, शुक्रवारी, चहाच्या वेळी, सहज.

तिनं घड्याळ पाहिलं. चारला सात मिनिटं होती. रकाना तिनं काढला नाही. फोन उचलला, घरचा नंबर लावला, आणि सासूबाई येईपर्यंत घंटा वाजू दिली.